उदासपणाचं मूळ शोधताना: आधी काय, नंतर काय

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर मी स्वयंसेवक म्हणून बसते. केसपेपर काढून देणं, रिपोर्ट तारखेनुसार लावणं, आत काय सांगायचं ते आधी कागदावर उतरवून देणं, एवढंच माझं काम. मी डॉक्टर नाही. पण त्या बाकड्यावर बसून एकच चूक इतक्यांदा पाहिली आहे, की ती लिहून काढल्याशिवाय राहवेना.

एखादी ताई येते. सहा महिने थकवा, उगाच रडू येतं, स्वयंपाकात लक्ष नाही. कुठेतरी तपासणी झाली, बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, आकडा वर गेला. रडू तसंच. आता ती म्हणते, "रिपोर्ट तर नॉर्मल आले, मग माझंच मन कमकुवत असणार." एखाद्या दादाची नोकरी गेलेली असते. घरचे म्हणतात, नोकरी गेल्यावर कोण हसत बसेल, दुसरी लागली की होईल ठीक. आठ महिने ना कोणी त्याचा थायरॉइड तपासलेला असतो, ना त्याला कोणी डॉक्टरकडे नेलेलं असतं.

ताईने शरीरात एक कारण सापडल्यावर शोध थांबवला. दादाच्या घरच्यांनी परिस्थितीत कारण दिसल्यावर थांबवला. उदासपणाला बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त धागे असतात, आणि कारण समजलं म्हणजे उपचार झाला असं होत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. घरची तयारी दोन आठवड्यांत होते. त्रास जास्त असेल तर दोन आठवडे थांबू नका, जेवढं झालंय तेवढं घेऊन निघा.

## पायरी १: कारण नंतर, आधी धोका बघा

पुढचं काहीही करण्याआधी त्या माणसाला सरळ विचारा: "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असे विचार येतात का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येईल ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

पुढच्यापैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा:

- मरणाचे विचार वारंवार येणं, त्याची तयारी करणं, निरोपाची भाषा बोलणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं
- खाणंपिणं जवळजवळ बंद होणं
- दुसऱ्यांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणं, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे याची पक्की खात्री वाटणं
- बाळंतिणीची रात्र-रात्र झोप उडणं, तिचं असंबद्ध बोलणं, बाळाविषयी भलतेच विचार सांगणं

रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो २४ तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर १०८ किंवा ११२. माणसाला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आणि घरातला गोळ्यांचा साठा त्याच दिवशी दुसऱ्या घरी हलवा किंवा कुलपात ठेवा. किल्ली त्याच्या हाती लागेल अशी नको.

इशारा: पूर्वी कधी असा प्रयत्न झाला असेल तर पोलीस केस होईल या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्यासाठी त्याला शिक्षा होत नाही. डॉक्टरांसाठी मात्र ही माहिती फार मोलाची असते.

## पायरी २: त्रासाला नेमके शब्द द्या

"मला डिप्रेशन आहे" असं म्हणत फार कमी लोक येतात. येतात ते "अशक्तपणा आहे", "बीपी लो होतंय", "डोकं जड राहतं", "जीव घाबरा होतो", "कसंतरीच होतं" असं म्हणत. मग कोणीतरी सलाईन लावतं, ताकदीचं इंजेक्शन देतं, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. सलाईनने उदासपणा जात नाही. त्यातलं पाणी आणि मीठ-साखर अंगात जाते एवढंच.

म्हणून घरीच बसून दोन गोष्टी ठरवा. एक, मन बहुतेक दिवस उदास किंवा रिकामं वाटतं का? दोन, ज्यात आधी जीव रमायचा ते आता नकोसं झालंय का? कीर्तन, क्रिकेट, नातवंड, शेताची फेरी, काहीही असो. यातलं किमान एक बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवडे असेल आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता, उत्साह बिघडलेला असेल, तर डॉक्टरकडे जायलाच हवं.

मोजमाप हवं असेल तर पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची यादी आहे. ती मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. बेरीज कमी आली पण नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण पडले, तर बेरीज विसरा आणि पायरी १ वर परत जा.

नेहमीची चूक: मधुमेह, कॅन्सर, किडनीचा आजार असलेल्यांना थकवा, भूक आणि झोपेच्या प्रश्नांत आजारामुळेच गुण पडतात. त्यांच्या बाबतीत पहिले दोन प्रश्न, आनंद गेला का आणि मन उदास आहे का, हे जास्त बोलके असतात. पण "एवढा मोठा आजार आहे, उदास असणारच" म्हणून ते प्रश्न सोडूनही देऊ नका.

## पायरी ३: दोन आठवड्यांची वही

शाळेची साधी वही चालेल. रोज रात्री पाच ओळी: किती वाजता झोपलो आणि कधी जाग आली, जेवण किती गेलं, मनाला ० ते १० पैकी किती गुण, आज कोणतं काम जमलं, आणि दारू, तंबाखू, मिश्री किंवा झोपेची गोळी किती. बायकांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात.

पाचच ओळी. तीन-तीन पानं भरून आणणारे येतात, पण ओपीडीत तेवढं वाचायला कोणाला वेळ नसतो. दुसरी चूक म्हणजे चौदाव्या दिवशी बसून आठवून सगळं लिहिणं. उदास मनाला मागचे सगळे दिवस सारखेच काळे दिसतात, त्यामुळे ती वही खोटी निघते. लिहायचा कंटाळा येत असेल (तो येणारच, तोही आजाराचाच भाग) तर घरातल्या कोणीतरी विचारून लिहावं.

दरवेळी पाळीच्या आधीच्या आठवड्यात मन कोसळतं आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत सावरतं, असं दिसलं तर नोंद सलग दोन महिने चालू ठेवा. तो वेगळा त्रास आहे, त्याचे उपचारही वेगळे आहेत आणि दोन पाळ्यांच्या नोंदीशिवाय तो ठरवता येत नाही.

## पायरी ४: काळाची रेघ

सगळ्या पायऱ्यांत ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

कोरा कागद आडवा धरा आणि मधोमध एक रेघ ओढा. डावीकडे दोन वर्षांपूर्वीचा काळ, उजवीकडे आज. रेघेच्या वर घरात आणि कामावर काय घडलं ते लिहा. खाली शरीरात काय घडलं आणि कोणतं औषध कधी सुरू झालं, बदललं, बंद झालं ते लिहा. मग लाल पेनने खूण करा: मन बिघडायला इथे सुरुवात झाली.

तारखा आठवत नाहीत असं सगळेच म्हणतात. महिन्याने विचारू नका, सणाने विचारा. "गौरी-गणपतीला तू उत्साहाने सजावट केली होतीस ना? दिवाळीचा फराळ घरी केला की विकत आणला? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलीस का?" शेतकरी घरात पेरणी, फवारणी, काढणीवरून विचारा. माणूस कुठल्या सणाला गप्प झाला ते घरातल्या कोणालातरी नक्की आठवतं.

आता लाल खुणेच्या आधीचे तीन-चार महिने बोटाने चाळा. वर काही आहे का? खाली काही आहे का? बहुतेक कागदांवर दोन्हीकडे काहीतरी सापडतं. वर सासूबाईंचं आजारपण आणि खाली पाळीत खूप रक्त जाणं. वर निवृत्ती आणि खाली पक्षाघात. एक सापडलं की पेन खाली ठेवू नका.

या कागदावर आणखी एक प्रश्न लिहायचाच: आयुष्यात कधी याच्या अगदी उलट काळ आला होता का? सलग चार-पाच दिवस किंवा जास्त, झोप दोन-तीन तास असूनही अंगात प्रचंड जोर, बडबड, भारी बेत, उधळपट्टी, चिडचिड, आणि घरच्यांना "हा नेहमीचा नाही" असं वाटणं? असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, जवळच्या नात्यात कोणाला असेल तरीही सांगा. तो द्विध्रुवीय आजार असू शकतो. त्यात नुसत्या उदासपणाच्या गोळ्या दिल्या तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. रुग्ण हा काळ स्वतःहून कधीच सांगत नाही, कारण त्याला तो आजार वाटलेलाच नसतो. सांगतात ते घरचे.

## पायरी ५: औषधांची पिशवी

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. डॉक्टरांची, मेडिकलवाल्याने दिलेली, वैद्यांची, शेजारणीने सुचवलेली, जिममधली पावडर, केस-नखांच्या गोळ्या, सगळी. नावं पाठ करू नका, पाकिटंच न्या.

काही औषधांमुळे मन बिघडू शकतं. जास्त दिवस चाललेले स्टेरॉइड, दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांतलं मॉन्टेलुकास्ट, फिट्सवरचं लेव्हेटिरासेटम, मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, काही बायकांना हार्मोनच्या गोळ्या. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिलं जाणारं सायक्लोसेरीन तर यासाठी ओळखलंच जातं. म्हणून क्षयरोगाच्या रुग्णाचं बोलणं-वागणं बदललं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात कळवा.

आणखी एक प्रकार मी दर आठवड्याला पाहते. झोपेसाठी कोणीतरी अल्प्राझोलाम लिहून दिलेलं असतं दहा दिवसांसाठी, आणि माणूस जुन्या चिठ्ठीवर तीन वर्षं घेत असतो. सवय लागते ती या गोळीची. लोक घाबरतात मात्र उदासपणाच्या गोळ्यांना, ज्यांची तशी चटक लागत नाही.

इशारा: ही यादी वाचून कोणतंही औषध स्वतः बंद करू नका. स्टेरॉइड, फिट्सच्या गोळ्या आणि अल्प्राझोलाम एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. दारू बंद झाल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनीच खरं कळतं की उदासपणा दारूचा होता की त्याच्याही आधीचा.

## पायरी ६: शरीराच्या खुणा

इथे रोगाचं नाव ठरवायचं नाही. डॉक्टरांना कुठे बघायला सांगायचं एवढंच टिपायचं आहे.

थंडी सहन होत नाही, वजन वाढतंय, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस गळणं, आवाज जड होणं ही खूण थायरॉइड कमी असल्याची. उलट वजन उतरणं, हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड असेल तर थायरॉइड जास्त असू शकतो. जिना चढताना धाप, फिकट डोळे, माती किंवा खडू खावासा वाटणं, पाळीत जास्त रक्त जाणं हे रक्तक्षयाकडे बोट दाखवतं. हातापायाला मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, विसराळूपणा असेल तर बी-१२. शुद्ध शाकाहारी असाल, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल किंवा पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोलसारखी गोळी घेत असाल तर ही शंका जास्त.

मोठ्या आवाजात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा पेंगणं याकडे आपल्याकडे हसण्यावारी पाहतात. ती झोपेत श्वास अडखळण्याची व्याधी असू शकते आणि तिने माणूस पार कोमेजून जातो. घोरणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याने सांगायचं.

आधीपासून मोठा आजार असेल तर उदासपणा वेगळा शोधावा लागतो. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असतं. हार्ट अटॅकनंतर पाचातल्या साधारण एकाला आणि पक्षाघातानंतर तिघांतल्या साधारण एकाला ते गाठतं. पार्किन्सनमध्ये हात थरथरायच्या आधीच मन खचलेलं असू शकतं. गुडघे, कंबर, मान यांचं जुनं दुखणं आणि उदासपणा एकमेकांना पोसतात. अशा माणसाने पथ्य सोडलं, गोळ्या चुकवल्या, फिजिओथेरपीला जाईनासा झाला की घरचे "आळशी झालाय" म्हणतात. मनाचा उपचार झाल्याशिवाय त्याची साखर किंवा चालणं सुधारत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं बऱ्याच जणींना होतं, पण ते दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार आहे. सव्वा महिना होऊ दे, माहेरून आली की बघू, असं करत वेळ घालवू नका. स्तनपान चालू असतानाही देता येणारी औषधं आहेत. पाळी जाण्याच्या आसपासची काही वर्षंही अशीच नाजूक असतात, विशेषतः आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर.

सत्तरीच्या पुढे उदासपणा रडत येत नाही. विसरभोळेपणा, चिडचिड, पोटाच्या तक्रारी, "मला काही दिसतच नाही, कळतच नाही" अशा रूपात येतो आणि लोक त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. कान तपासा, चष्मा तपासा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. ते घसरलं की माणूस मंद होतो, गोंधळतो. हा बदल दोन-चार दिवसांत अचानक झाला असेल तर ती तातडीची बाब आहे.

## पायरी ७: तपासण्या, पण योग्य क्रमाने

वर्तमानपत्रातली जाहिरात बघून ऐंशी तपासण्यांचं पॅकेज घेऊ नका. एवढ्या आकड्यांत एखादा इकडेतिकडे निघतोच आणि मग त्याच्याच मागे धावणं होतं. आधी फॅमिली डॉक्टरांना वही आणि रेघ दाखवा. साधारणपणे ते सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, साखर, क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर आणि लक्षणांनुसार फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, सोडियम, कॅल्शियम सांगतात.

रक्त देण्याआधी हे बघा:

१. बी-१२ चं इंजेक्शन किंवा गोळी घेण्याआधी नमुना द्या. एकदा इंजेक्शन झालं की आकडा चढतो आणि आधी कमी होतं की नाही ते कळायचा मार्ग उरत नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

२. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

३. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सकाळी रक्त दिल्यावर गोळी घ्या.

४. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन करू नका. ते खोटं वाढलेलं दिसतं.

५. उपाशीपोटीच्या साखरेसाठी ८ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. एचबीए१सीसाठी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी, उपाशी राहायची गरज नाही.

हिमोग्लोबिन बायकांत १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत, आणि चहा अर्ध्या ते एका तासाने. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट सहसा आठवड्यातून एकदा असतं. ते रोज घेऊन कॅल्शियम वाढल्याने उलट्या करत दाखल झालेले लोक असतात, तेव्हा चिठ्ठी दोनदा वाचा.

इथे थांबून विचार करा: रिपोर्टमध्ये काहीतरी कमी निघालं की घरात सुटकेचा निःश्वास पडतो, "चला, वेड नाही, विटामिन आहे." हा निःश्वासच घात करतो. टीएसएच किंचित वाढलेला असेल तर गोळीने मन सुधारेलच असं नाही. ड जीवनसत्त्व तर आपल्याकडे इतक्या जणांत कमी निघतं, की ते उदास माणसात कमी असणं यात नवल नाही. कमतरता भरून काढा, तारीख लिहा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी मनाचे गुण पुन्हा मोजा. मरणाचे विचार असतील किंवा रोजची कामंच बंद पडली असतील तर एवढंही थांबू नका. दोन्ही उपचार एकदम सुरू होऊ शकतात.

## पायरी ८: रेघेच्या वरची बाजू

नोकरी जाणं, कर्ज, पीक हातचं जाणं, जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, मूल न होणं, परीक्षेत अपयश, मुलं परदेशी गेल्यावरचं रिकामं घर, वर्षानुवर्षं अंथरुणावरच्या माणसाची सेवा, घरातली मारहाण. यातल्या प्रत्येकाने माणूस उदास होणं स्वाभाविक आहे. पण पाय घसरून हाड मोडणंही स्वाभाविकच असतं, म्हणून कोणी प्लास्टर टाळत नाही.

दुःख आणि आजार यांतला फरक घरी असा ताडता येतो. दुःख लाटांनी येतं, मधे माणूस हसतो, आठवण काढून बोलतो, नातवाला जवळ घेतो. आजारात मन सतत दाबलेलं राहतं, कोणी आलं-गेलं तरी हलत नाही, आणि "मीच नालायक आहे, माझ्यामुळेच झालं" असा सूर लागतो. हा सूर लागला की दिवस मोजत बसू नका.

मग रेघेच्या वरच्या प्रत्येक घटनेपुढे लिहा: यात कोण मदत करू शकतं? कर्जाचं असेल तर बँकेत हप्ते पुन्हा बांधून घेण्याविषयी बोलायला घरातलं दुसरं कोणीतरी सोबत जाईल. सेवा करणाऱ्या सुनेसाठी आठवड्यातून दोन दुपारी कोण येऊन बसेल, ते नावासकट ठरवा. "आम्ही सगळे आहोत ना" या वाक्याने तिची एकही दुपार मोकळी होत नाही. मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि अशा वेळी डॉक्टरांना एकटीनेच भेटायचं. नवरा किंवा सासू शेजारी बसली असताना ती खरं सांगू शकत नाही.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक भर. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात दिवस लहान होतात आणि काहींचं मन दरवर्षी त्याच सुमारास खचतं. दोन-तीन वर्षांची रेघ काढली तर ते लगेच दिसतं. त्यावर सकाळच्या प्रखर दिव्याचा उपचारही असतो, तिथल्या डॉक्टरांना विचारा.

## पायरी ९: डॉक्टरांसमोरची पहिली पाच मिनिटं

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करता येते. मानसोपचारतज्ज्ञ हे एमडी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर, ते औषध देतात. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. मध्यम आणि तीव्र त्रासात बऱ्याचदा दोन्ही लागतात.

जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची ओपीडी असते. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेलं म्हणजे भरती करतात, असं नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे नियम वेगळे असतात, तिथे आधी चौकशी करा.

आत गेल्यावर क्रम असा ठेवा: सगळ्यात जास्त त्रास कशाचा, कधीपासून, त्याने कोणतं काम थांबलं, मरणाचे विचार आहेत की नाहीत, आधीचे आजार, आणि औषधांची पिशवी. मग रेघेचा कागद पुढे करा. बरेच जण पाच मिनिटं डोकेदुखीच सांगतात आणि दाराशी जाऊन म्हणतात, "आणि हो डॉक्टर, जगावंसंच वाटत नाही." हे शेवटचं वाक्य पहिलं असू द्या.

सोबत गेलेल्यांनी रुग्णाच्या आधी बोलू नये. त्याचं झाल्यावर झोप, राग, उलट काळ, दारू यांविषयी आपल्याला दिसलेलं सांगावं. बाहेर पडण्याआधी एवढं विचारून घ्या: गोळी कधी घ्यायची, गुण कधी येईल, कोणता त्रास झाला तर फोन करायचा, पुढची तारीख कोणती.

## पायरी १०: पहिले सहा आठवडे

सगळ्यात जास्त उपचार इथेच तुटतात. उदासपणाच्या गोळ्यांचा मनावरचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुणाला सहा किंवा जास्त. मळमळ, डोकं दुखणं, अस्वस्थपणा हे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे तोटा आधी आणि फायदा नंतर. हे कोणी सांगितलेलं नसलं की माणूस पाचव्या दिवशी पाकीट कपाटात टाकतो आणि "मला सोसलं नाही" म्हणतो. बहुतेक त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. नाही ओसरला तर गोळी बदलता येते, डोस बदलता येतो. त्यासाठी फोन करा, स्वतः निर्णय घेऊ नका.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी कळवा. वृद्धांत गोळी सुरू झाल्यावर गोंधळ, तोल जाणं दिसलं तर सोडियम पुन्हा तपासून घ्या. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल लिहिलं तर या गोळ्यांविषयी त्यांना सांगा, दोन्हींचा मेळ सगळ्यांना चालत नाही. अश्वगंधा किंवा दुसरा काढा चालू असेल तर तोही सांगा, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो.

याच आठवड्यांत रोज एक छोटं काम वेळ ठरवून करायचं. मन लागेल तेव्हा करू, असं नाही. सकाळी सातला अंघोळ, संध्याकाळी पाचला कोपऱ्यापर्यंत चालणं. घरच्यांनी "मन घट्ट कर" म्हणण्यापेक्षा चपला घालून दारात उभं राहावं आणि सोबत चालावं.

बरं वाटायला लागलं की गोळी सोडण्याचा मोह होतो. पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं, आधी नैराश्य येऊन गेलेलं असेल तर जास्त. बंद करताना डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात.

फाइलच्या पहिल्या पानावर या चार तारखा पेन्सिलने लिहून ठेवा: मनाचे गुण पुन्हा मोजायची, टीएसएच किंवा बी-१२ पुन्हा तपासायची, डॉक्टरांची पुढची भेट, आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीची. रेघेचा कागद त्याच फाइलमध्ये राहू द्या आणि नवं औषध, नवा आजार, घरातली नवी घटना त्यावर चढवत जा. सहा आठवड्यांनी गुण तेवढेच असतील तर पुन्हा बाहेर काढायचा कागद तोच.